बाण किती खोल जातो? पारंपरिक धनुष्याची भेदनचाचणी, पायरीपायरीने

फोमच्या टार्गेटवर दोन बाण मारायचे, कुठला जास्त आत गेला ते बघायचं आणि तोच बाण जास्त जोरकस असं ठरवून टाकायचं, ही रीत आपल्याकडे सर्रास दिसते. इंदूरमध्ये रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) किंवा लाँगबो (लांब, साधं) धनुष्य घेऊन उघड्या हाताने, साइटशिवाय मारणारी मंडळी मोजकीच आहेत. पण त्यांच्यातही भेदनाचा विषय निघाला की गाडी फोमवरच येऊन थांबते. मला ही रीत पटत नाही. फोम बाणाच्या टोकाला फारसा अडवत नाही, तो काडीला चहूबाजूंनी आवळून धरतो. बाण जितका आत जाईल तितकी काडी जास्त आवळली जाते आणि शेवटी बाण थांबतो तो काडीच्या घर्षणाने. तुम्ही मोजलेलं असतं ते घर्षण. टोकाबद्दल, पात्याच्या धारेबद्दल किंवा वजनाबद्दल त्यातून फार थोडं कळतं.

ज्या कामासाठी शिकारीचे बाण बनतात तिथला अडथळा वेगळा असतो. आधी केस आणि कातडी, मग एखादी बरगडी, त्यानंतर ओलसर मऊ भाग. तिथे काडीला वंगण मिळतं आणि ती सरकते. म्हणून चाचणी करायची तर पहिला प्रश्न टार्गेटचा. समोर काय ठेवलंय यावरच उत्तर ठरतं, आणि मिळालेलं उत्तर त्या टार्गेटपुरतंच खरं असतं. "माझा बाण बत्तीस सेंटिमीटर जातो" या वाक्याला अर्थ नाही. "याच टार्गेटवर, याच धनुष्याने, अ बाणापेक्षा ब बाण जास्त जातो" याला आहे.

कायद्याचं आधी स्पष्ट सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्या देशात वन्य प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे. धनुष्यबाण हे पारंपरिक हत्यार आहे म्हणून त्याला सूट नाही, आणि शिकारीचा प्रयत्नसुद्धा त्या व्याख्येत येतो. इंदूरजवळ रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे; ती टेकडी आणि भोवतालचं जंगल १९८९ पासून अभयारण्य आहे. तिकडे धनुष्य घेऊन फिरण्याचा विचारही करू नका. हा लेख टार्गेटवर चाचणी करणाऱ्यांसाठी आहे: स्वतः धनुष्य आणि बाण बनवणारे, जुन्या शस्त्रांचा अभ्यास करणारे, आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत राहून परवान्याने धनुर्शिकार करणारे आपले मराठी लोक. त्या शेवटच्या मंडळींना तर ही चाचणी टाळताच येणार नाही, कारण अर्धवट शिरलेल्या बाणाने जखमी झालेलं जनावर तासन् तास तळमळतं. ज्याला बाण सोडायचा अधिकार आहे त्याने आपला बाण काय करू शकतो हे आधी टार्गेटवर पडताळून घेतलं पाहिजे.

आधी कुणी काय तपासलं

या चाचण्यांना शंभर वर्षांचा इतिहास आहे. कॅलिफोर्नियातले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांनी तिथल्या ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीतल्या इशी या माणसाकडून धनुर्विद्या शिकून घेतली. १९१६ मध्ये इशी वारला. त्यानंतर पोप यांनी संग्रहालयातली जगभरची धनुष्यं ओढून, मारून तपासली आणि १९२० च्या दशकात ते निष्कर्ष छापले. मला त्यांची एक चाचणी फार महत्त्वाची वाटते. त्यांनी दोन बाजूंनी उघड्या पेटीत गुरांचं यकृत भरलं, बाहेरून हरणाचं ओलं कातडं ताणलं आणि इशीच्या पद्धतीचं ज्वालाकाचेचं (ऑब्सिडियन, ज्वालामुखीतून निघणारी नैसर्गिक काच) टोक पोलादी टोकाशी ताडून पाहिलं. ज्वालाकाच पोलादापेक्षा जास्त खोल गेली. लाकडाच्या फळीवर हीच तुलना केली असती तर काच फुटली असती आणि निकाल उलटा लागला असता.

पुढे १९८० च्या दशकात डॉ. एड अॅशबी यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये खऱ्या जनावरांवर बाणांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि नंतर तो अनेक वर्षं चालू ठेवला. त्यांनी भेदनाला मदत करणाऱ्या गोष्टी क्रमाने लावल्या. त्या क्रमात सगळ्यात वर बाणाची मजबुती आहे, म्हणजे आदळल्यावर काहीही वाकता किंवा तुटता कामा नये. दुसऱ्या स्थानी बाणाचं सरळ उडणं. वजन, पुढे झुकलेला तोल, पात्याचा आकार हे सगळं त्यानंतर. जाड हाड फोडायचं असेल तर साधारण ६५० ग्रेनच्या (सुमारे ४२ ग्रॅम) वर वजन गेल्यावर निकाल एकदम सुधारतो, हेही त्यांचंच निरीक्षण. हा क्रम लक्षात ठेवा, चाचणीची आखणी त्याच्यावरच बेतायची आहे. बरेच जण थेट वजनापासून सुरुवात करतात आणि वाकडा उडणारा जड बाण वाकडा उडणाऱ्या हलक्या बाणाशी ताडून बसतात.

पहिली पायरी: धनुष्य आणि बाण मोजून घ्या

धनुष्यावर छापलेलं पाउंडेज, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, तुमच्या ओढीचं नसतं, ते बहुतेक २८ इंचांच्या ओढीचं असतं. एक इंच कमी-जास्त ओढलं तर साधारण दोन-तीन पाउंडांचा फरक पडतो. भंगारवाले वापरतात तसला हुकाचा डिजिटल काटा इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतो. धनुष्याची मूठ भिंतीतल्या भक्कम खुंटीवर अडकवा, काट्याचा हुक दोरीत घाला आणि तुमच्या ओढीच्या खुणेपर्यंत सावकाश खेचा. २०.४ किलो म्हणजे ४५ पाउंड. लाकडी किंवा बांबूचं धनुष्य असेल तर हे माप सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा घ्या. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीच्या उन्हात लाकडी धनुष्य दुपारपर्यंत ढिलं पडतं, आणि मग शेवटी मारलेला बाण विनाकारण कमी ठरतो. दोरी आणि मुठीतलं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, तीही पट्टीने मोजून लिहा. नवी दोरी ताणली गेली की हे अंतर कमी होतं.

बाणाचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर नीट कळत नाही, तिथे एका ग्रॅमच्या आतला फरक दिसतच नाही. सोनाराकडे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा असतो. सराफ्यात ओळखीचा कुणी असेल तर दुपारी गर्दी नसताना दहा मिनिटांत सगळे बाण तोलून होतात. ग्रॅमला १५.४३ ने गुणलं की ग्रेन मिळतात. एका संचातले बाण पाच-सात ग्रेनच्या आत असावेत. त्याहून जास्त तफावत असेल तर प्रत्येक बाणावर नंबर घाला आणि तोच बाण त्याच नोंदीशी जोडा.

आता तोल. नॉकच्या (बाणाच्या शेपटीला दोरी बसते त्या भागाच्या) खाचेपासून काडीच्या टोकापर्यंतची लांबी घ्या, पुढचं पातं किंवा पॉइंट त्यात धरायचा नाही. मग पूर्ण बाण, पात्यासकट, पट्टीच्या कडेवर ठेवून तोलाचा बिंदू शोधा आणि नॉकपासून त्याचं अंतर मोजा. त्यातून निम्मी लांबी वजा करायची, पूर्ण लांबीने भागायचं, शंभराने गुणायचं. काडी ७३.७ सेंटिमीटर आणि तोल ४७.२ वर असेल तर उत्तर १४ टक्के येतं. टार्गेटच्या बाणांत दहा ते पंधरा टक्के नेहमीचं आहे. अॅशबी १९ टक्क्यांच्या वरच्याला वेगळ्या वर्गात टाकतात. झाबुआ-अलीराजपूरच्या पट्ट्यात भिलांचे बाण हातात घेऊन बघा. हलक्या काडीला लोहाराने घडवलेलं लोखंडी पातं बसवलं की तोल आपोआप पुढे सरकतो, तिथे कुणी टक्के काढत बसत नाही.

दुसरी पायरी: बाण सरळ उडतोय का

इथे घाई करू नका. दिवस गेला तरी चालेल. बाण टार्गेटवर आदळताना त्याची शेपटी जराशीही एका बाजूला असेल तर मागचं वजन टोकाच्या मागून ढकलत नाही, बाजूने ढकलतं. मग काडी वाकते, पातं छिद्राच्या कडेला रेटलं जातं आणि जोर तिथेच संपतो. वाकडा उडणारा बाण वापरून केलेली वजनाची किंवा पात्याची कुठलीही तुलना मी मानत नाही.

पिसं नसलेला एक बाण तयार ठेवा, बाकी सगळं पिसांच्या बाणासारखंच. दहा-बारा मीटरवरून दोन पिसांचे आणि एक बिनपिसांचा बाण मारा. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या खाली लागत असेल तर दोरीवरची नॉकची जागा वर आहे, ती खाली घ्या. वर लागत असेल तर उलट करा. आधी हे जुळवायचं, मगच डावं-उजवं बघायचं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर काडी ताठ आहे, पुढे जड पॉइंट लावा. उजवीकडे लागला तर काडी मऊ आहे, पॉइंट हलका करा किंवा काडी थोडी थोडी कापा. कापताना एका वेळी पाव इंचापेक्षा जास्त नको, कापलेलं परत जोडता येत नाही. तिन्ही बाण एका तळहातात मावतील इतके जवळ येईपर्यंत हे चालू ठेवा. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

यातली अडचण अशी की प्रत्येक वेळी पुढचं वजन बदललं की स्पाइन, म्हणजे काडीचा ताठपणा, बदलल्यासारखं वागतं, आणि हे सगळं परत जुळवावं लागतं. १२५ ग्रेनच्या पॉइंटवर जुळवलेल्या काडीला २०० ग्रेनचं पातं लावून थेट भेदन मोजू नका. जड बाणासाठी ताठ काडी घ्या, ती वेगळी जुळवा, मगच दोघांना समोरासमोर आणा.

पातं बसवल्यावर बाणाचं टोक लाकडावर टेकवून बाण बोटांनी भिंगरीसारखा फिरवा. पातं आणि काडी जुळतात त्या जागी थरथर दिसली तर पातं तिरकं बसलंय. गरम करून गोंद सैल करा, फिरवून परत बसवा.

तिसरी पायरी: वेग, ऊर्जा आणि संवेग

क्रोनोग्राफ (बाणाचा वेग मोजणारं यंत्र) नसला तरी फोनवर काम भागतं. फोन धनुष्याजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा आणि तो ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. लहरींच्या चित्रात दोन उंच शेंडे दिसतात: पहिला दोरी सुटल्याचा, दुसरा बाण आदळल्याचा. दुसरा आवाज तुमच्याकडे परत यायलाही वेळ लागतो, तो वजा करायचा. अंतर १८ मीटर आणि दोन शेंड्यांत ०.४०५ सेकंद असतील, तर आवाजाचे १८ भागिले ३४०, म्हणजे ०.०५३ सेकंद काढून टाका. उरले ०.३५२. वेग झाला सेकंदाला ५१.१ मीटर, म्हणजे जवळजवळ १६८ फूट. हा सरासरी वेग आहे, सुटतानाचा वेग थोडा जास्त असतो. पण तुलनेसाठी पुरेसा आहे. मागे कुत्रं भुंकत असेल किंवा शेजारी मोटर चालू असेल तर शेंडे ओळखू येत नाहीत, म्हणून सकाळची वेळ बरी.

आता एक हिशोब करू. समजा एकाच धनुष्यातून ५०० ग्रेनचा (३२.४ ग्रॅम) बाण ५१.८ मीटरने जातो आणि ६५० ग्रेनचा (४२.१ ग्रॅम) ४६.७ मीटरने. पहिल्याची गतिज ऊर्जा ४३.५ जूल, दुसऱ्याची ४५.९. जड बाण हळू जातो तरी धनुष्यातली ऊर्जा जास्त उचलतो, कारण दोरी आणि धनुष्याच्या दोन्ही भुजा हलवण्यात वाया जाणारा वाटा कमी होतो. पण फरक पाच-सहा टक्क्यांचाच. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मात्र १.६८ वरून १.९७ वर जातो, म्हणजे सतरा टक्के जास्त.

मग खरं काय धरायचं, ऊर्जा की संवेग? यावर माणसं भांडतात, आणि उत्तर पुन्हा टार्गेटमध्येच आहे. अडथळा कायम सारखा असेल तर खोली ऊर्जेच्या प्रमाणात वाढते. फोमसारखा, जितकं आत जावं तितका वाढत जाणारा अडथळा असेल तर खोली ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते; वरच्या उदाहरणात हलका बाण ३० सेंटिमीटर गेला तर जड बाण ३१ देखील गाठणार नाही. आणि अडथळा वेगाबरोबर वाढणारा असेल, म्हणजे द्रवासारख्या ओल्या पदार्थात असतो तसा, तर खोली संवेगाच्या प्रमाणात जाते आणि तोच जड बाण ३५ सेंटिमीटरपर्यंत पोचू शकतो. तेच दोन बाण, तेच धनुष्य. फोमवर चाचणी करून "जड बाणाचा काही फायदा नाही" म्हणणाऱ्यांनी चुकीचं मोजलेलं नसतं, चुकीच्या जागी मोजलेलं असतं.

चौथी पायरी: टार्गेट बांधा

मी पुढे सांगतो तो साचा महागडा नाही. चाळीस सेंटिमीटर रुंद, तेवढीच उंच आणि सुमारे दीड मीटर लांब अशी लाकडी चौकट करा, पुढून-मागून उघडी. आतल्या बाजूंना दर दोन सेंटिमीटरवर उभ्या खाचा किंवा पट्ट्या ठोका, म्हणजे पुठ्ठ्याचे तुकडे एकामागे एक उभे सरकवता येतील. पुठ्ठा खोक्यांचा, एकाच जाडीचा. किराण्याच्या घाऊक बाजारात एकाच मालाची रिकामी खोकी गठ्ठ्याने मिळतात, तीच घ्या, मिसळ करू नका. पातं पुठ्ठ्यात फट कापतं आणि मधे मोकळी जागा असल्याने काडी सलग आवळली जात नाही. घर्षण शून्य होत नाही, कारण पात्याने कापलेल्या फटीच्या कडा काडीला लागतातच, पण ठोस फोमच्या मानाने ते फार कमी असतं. किती पुठ्ठे फुटले ते मोजायचं. अर्धवट फुटलेला शेवटचा पुठ्ठा वेगळा लिहा.

पुठ्ठ्यांच्या पुढे चौकटीच्या तोंडावर चामडं ताणा. चपला शिवणाऱ्यांकडे किंवा चामड्याच्या दुकानात दोन-तीन मिलिमीटर जाडीचे तुकडे मिळतात. ते रात्रभर पाण्यात भिजवा, कारण कोरडं चामडं पुठ्ठ्यासारखं कडक वागतं आणि ओलं चामडं कातडीसारखं ताणलं जातं. पात्याची धार खरी कळते ती इथेच. धारदार पात्याने ओल्या चामड्यात सरळ, स्वच्छ चीर पडते आणि कडा चिकटून बसतात. बोथट पातं चामडं आत ओढत नेतं, चिरेच्या दोन्ही टोकांना फाटल्याच्या खुणा राहतात आणि मागच्या बाजूने तंतू लोंबतात. खिशात भिंग असेल तर ही चीर जवळून पाहा. सेंटिमीटरचा आकडा सांगणार नाही ते ती सांगते.

बरगडीसाठी चामड्याच्या मागे चार मिलिमीटर प्लायवुडच्या चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्या मधे फटी ठेवून लावा. प्लायवुड म्हणजे हाड नाही, पण प्रत्येक वेळी सारखं मिळतं, आणि तुलनेला तेच हवं. खाटकाकडच्या खऱ्या बरगड्या वापरणारेही आहेत; त्यांत एक बरगडी दुसरीसारखी नसते, वाळली की ठिसूळ होते. मी त्या फक्त बाणाची मजबुती पाहायला वापरीन, खोली मोजायला नाही.

याहून पुढे जायचं असेल तर जिलेटिन. वजनाने एक भाग पूड आणि नऊ भाग पाणी. पूड थंड पाण्यात भुरभुरून दोन तास फुगू द्या, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा. उकळू द्यायचं नाही, उकळलं की जिलेटिनची ताकद जाते. साच्यात ओतून फ्रिजमध्ये दीड दिवस चार डिग्रीवर ठेवा. दालचिनीच्या तेलाचे काही थेंब घातले तर लवकर खराब होत नाही. इंदूरच्या उन्हाळ्यात हा ठोकळा बाहेर काढल्यावर वेळ फार कमी असतो, बर्फाच्या पेटीतून नेऊन लगेच मारावं लागतं. हे काम डिसेंबर-जानेवारीत करावं. जिलेटिन प्राणिज आहे, घरात चालणार नसेल तर आधी विचारा. अगर-अगर त्याऐवजी चालत नाही, ते तडकतं.

माळव्याची काळी माती किंवा कुंभाराची माती वापरावी असं काही जण सुचवतात. माझा सल्ला, नको. ओलावा थोडा बदलला की माती पूर्ण बदलते, आणि ती काडीला चिकटते ते वेगळंच.

चौकटीच्या मागे अर्धा मीटर सोडून भक्कम अडसर हवाच: जुन्या कपड्यांनी ठासून भरलेली दोन-तीन बारदानं एकावर एक, आणि त्यामागे मातीचा बांध. ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं रुंद, धारदार पातं) साध्या जाळीतून किंवा पातळ फोममधून आरपार जातं.

पाचवी पायरी: मारा

जागा मोकळी हवी. महू रोडकडे किंवा सांवेरच्या बाजूला ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर गहू निघाल्यानंतर रान रिकामं असतं. मालकाला विचारून, बांधाकडे तोंड करून मारा. रस्त्याकडे किंवा वस्तीकडे कधीही नाही. सगळे मारणाऱ्याच्या मागे उभे राहतील. डोळ्यांवर गॉगल हवा, कारण प्लायवुडवर आपटलेल्या काडीच्या कपच्या उडतात. ब्रॉडहेडचे बाण झाकणाच्या भात्यातूनच न्या, पिशवीत उघडे नाहीत.

अंतर दहा मीटरपेक्षा कमी नको. दोरी सोडताच काडी धनुष्याच्या मुठीभोवती वाकत-वळवळत निघते आणि सरळ व्हायला तिला थोडं अंतर लागतं. तीन-चार मीटरवरून मारलेला बाण अनेकदा पंधरा मीटरवरच्या बाणापेक्षा कमी शिरतो, तो याचमुळे. मी १२ ते १५ मीटर ठरवीन आणि जमिनीवर चुन्याची रेघ मारून तीच ठेवीन.

दोन बाण ताडताना फक्त एकच गोष्ट वेगळी असू द्या. पातं बदलायचं असेल तर वजन, काडी, पिसं तीच. वजन बदलायचं असेल तर पात्याचा आकार तोच. काडीची जाडी हा छुपा घटक आहे: पात्याच्या मागच्या नळीपेक्षा काडी जाड असेल तर छिद्राच्या कडा तिला अडवतात, बारीक असेल तर ती मोकळी सरकते. म्हणून वेगळ्या जाडीच्या काड्यांवर वेगळी पाती लावून पात्यांचा निकाल काढू नका.

आलटून पालटून मारा: अ, ब, अ, ब. आधी सगळे अ आणि मग सगळे ब असं केलं तर ब च्या वाट्याला थकलेला हात, तापलेलं धनुष्य आणि खिळखिळं टार्गेट येतं. प्रत्येक प्रकाराचे किमान सहा नेम हवेत. ओढ अपुरी राहिली किंवा सुटका फसली असं हाताला कळलं तर तो नेम तेव्हाच, निकाल बघायच्या आधी, बाद करा. निकाल बघून बाद केलेले नेम चाचणीची वाट लावतात. सोबतीला कुणी असेल तर त्याला फक्त ओढीवर लक्ष ठेवायला सांगा. काडीवर रंगीत टेपची बारीक पट्टी लावली की पूर्ण ओढ झाली की नाही हे त्याला बाजूने दिसतं.

दोन छिद्रांत बोटभर अंतर पुरत नाही, सहा-सात सेंटिमीटर ठेवा. तेवढं उरलं नाही की चामडं आणि पुढचे पुठ्ठे बदला. प्रत्येक ब्रॉडहेड नेमानंतर धार पाहा. रबरबँड एका डबीवर हलका ताणून त्यावर पातं अलगद टेकवा, नुसत्या स्पर्शाने तुटला तर धार आहे. दाबावं लागलं तर आधी घासा. एकदा प्लायवुडमधून गेलेलं पातं न घासता परत मारलं की तुम्ही दुसराच बाण तपासत असता.

मोजताना बाण उपसू नका. बाहेर राहिलेली लांबी पट्टीने मोजा आणि पूर्ण लांबीतून वजा करा. तिरका घुसला असेल तर तसं लिहा. वहीत तारीख, तापमान, ओढीचं वजन, ब्रेस हाइट, बाणाचा नंबर, खोली किंवा पुठ्ठ्यांची संख्या आणि चिरेचं एक वाक्यात वर्णन, इतकं पुरे. पावसाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या नोंदी एकमेकींशी ताडू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि सगळेच बाण चांगले वाटायला लागतात.

सहावी पायरी: आकडे वाचा

समजा अ बाणाच्या खोल्या आल्या ३१, ३३, ३२, २६, ३२, ३४ आणि ब च्या ३४, ३५, ३३, ३६, ३५, ३४ सेंटिमीटर. सरासरी काढू नका, तो एक २६ अ ला उगाच खाली ओढतो. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, म्हणजे मध्यक: अ चा ३२, ब चा ३४.५. आता दोघांची व्याप्ती बघा. अ चा सर्वांत मोठा आकडा ब च्या सर्वांत लहान आकड्याच्या वर आहे, म्हणजे दोन्ही एकमेकांत थोडे शिरतात. फरक खरा असण्याची शक्यता बरीच आहे, पण दुसऱ्या दिवशी ताज्या टार्गेटवर तेच आलं तरच मी ब ला सरस म्हणेन. अंतर एका सेंटिमीटरचं असेल आणि व्याप्ती पूर्ण एकमेकांत मिसळली असेल तर दोन्ही बाण सारखे समजा आणि जो जास्त सरळ उडतो तो ठेवा.

अ मधल्या एकट्या २६ कडे मात्र दुर्लक्ष नको. तो बाण तिरका शिरला होता का? पट्टीच्या कडेला लागला होता का? पात्याचं टोक वळलंय का? बरेचदा असा एकटा पडलेला आकडाच बाणाची कमजोरी दाखवून जातो.

मजबुतीची वेगळी चाचणी

ही शेवटी ठेवायची, कारण यात बाण मोडतात. अॅशबींच्या यादीत मजबुती पहिली आहे, आणि आपल्याकडे ती कुणी तपासतच नाही. अठरा मिलिमीटरचं प्लायवुड सरळ आणि मग थोडं तिरकं लावा. प्रत्येक प्रकाराचा एकच बाण द्या. तिरक्या फळीवर कठीण आघात झाला की कमजोर जागा उघडी पडते: पात्याचं टोक आकड्यासारखं वळतं, किंवा इन्सर्टच्या (पातं बसवायला काडीत घातलेल्या तुकड्याच्या) लगेच मागे काडी फुटते, किंवा गोंद सुटून पातं फळीत राहतं आणि काडी खाली पडते. इन्सर्टच्या मागे फुटणाऱ्या काडीवर दोन-अडीच सेंटिमीटर अॅल्युमिनियमच्या नळीचं कडं बसवलं तर आघात पसरतो. बांबूच्या काडीला तीच जागा दोऱ्याने घट्ट गुंडाळून वर गोंद लावतात, बांबूची गाठ पुढच्या बाजूला आली तर आणखी बरं. टोक वळत असेल तर पात्याचं पोलाद मऊ आहे किंवा टोक फार बारीक आहे. टोक थोडं आखूड, जाड घासून पुन्हा मारा.

फळीला लागलेली कार्बनची काडी परत वापरण्यापूर्वी कानाजवळ धरून दोन्ही हातांनी हलकी वाकवा आणि फिरवत परत वाकवा. करकर आली किंवा बोटाखाली केसाएवढी रेघ लागली तर तिथेच मोडून टाका, "टार्गेटपुरती चालेल" म्हणून भात्यात परत ठेवू नका. अशी काडी पुढच्या सुटकेला हातात फुटते आणि कपच्या मनगटात शिरतात. लाकडी किंवा बांबूची काडी असेल तर नॉकची खाच वेगळी तपासा, कारण समोरचा आघात मागे जाऊन खाचेत चीर पाडतो आणि ती चीर दोरीच्या खाली लपून राहते.